रिकाम्या जागेचा ठोकळा

सोमवारी पतसंस्थेत आले
तर वेबसाइटचं जुनं पान गेलेलं.
ते कसं, वहीसारखं होतं.
वर कर्सर ठेवायचा, खाली येईतो लिहीत राहायचं,
मध्येच वळायचं शिवाजी पेठेतल्या बोळासारखं.
कुठून शिरलो, कुठं निघालो, कुणी विचारत नव्हतं.

आता राजारामपुरी.
गल्ली पहिली, गल्ली दुसरी,
प्रत्येक परिच्छेदाला चौकट, चौकटीखाली अधिकचं चिन्ह.
मथळा एक ठोकळा. फोटो एक ठोकळा.
ठेवींचे व्याजदर, सहा रकान्यांचा ठोकळा.
"मॅडम, एंटर मारला की नवा," शाहीन मुजावर म्हणाली,
आणि मी सवयीनं चारदा मारला.
चार रिकामे ठोकळे ओळीनं हजर,
वार्षिक सभेत कोरमसाठी आणून बसवल्यासारखे.

सहा ठिपके धरून ओढायचं म्हणे.
मी व्याजदर ओढायला गेले,
हाताला लागलं संचालक मंडळ.
ते जाऊन पडलं थकबाकीदारांच्या यादीत.
शाहीन हसली नाही.
तिनं फक्त उठून केबिनचं दार लावलं.

ठोकळे मला नवे नव्हते, हे तिला कुठं ठाऊक.
बापू गंगावेशीत, कात्यायनी छापखान्यात
एकतीस वर्षं खिळे जुळवत होते.
सातवीत मी डबा घेऊन जायची.
डाव्या हातात स्टिक, उजवा हात खान्यांवर,
कोंबडी दाणे टिपते तसा.
एखादा 'ळ' कमी पडला
तर तिथं भलताच खिळा उलटा खोचून म्हणायचे,
"असू दे. संध्याकाळपर्यंत बघू."

मोठ्या माणसांच्या फोटोंचे ब्लॉक
कागदात गुंडाळून खालच्या खणात.
इंगवले सावकारांचा एकच होता.
दुकानाच्या उद्घाटनाला तो, नगरपालिकेच्या निवडणुकीला तो,
लेकीच्या लग्नपत्रिकेत हट्टानं तो,
आणि एका सकाळी तोच, भोवती जाड काळी चौकट.
"माणूस तोच असतोय गं," बापू म्हणाले,
"बॉर्डर तेवढी बदलते."

गुरुवारी निरोप आला, कृष्णात चौगुले गेले.
आमचे पिग्मीवाले.
पापाची तिकटी, लक्ष्मीपुरी, सायकलवर सव्वीस वर्षं.
दहा रुपयांच्या पावतीलाही अंगठ्याएवढी सही करायचे.
साहेब म्हणाले, वेबसाइटवर दोन ओळी टाका.

टाकल्या.
फोटो ओळखपत्रावरचा, कान अर्धा कापलेला.
नाव. तारीख. भावपूर्ण वगैरे.
आणि लगेच खाली, अंगाला अंग लावून,
'ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा.'
मी एंटर मारत राहिले.
पान दाखवून पाहिलं की नाव आणि टक्का
पुन्हा तिथंच, खेटून उभे.

"तसं नाही व्हायचं," शाहीन म्हणाली,
"रिकामी जागा पण टाकावी लागते, मॅडम.
तिचा वेगळा ठोकळा असतो."

हे ऐकलं आणि मला छापखान्याचा वास आला.
रॉकेल, शाई, ओलं फडकं.
तिथंही दोन शब्दांमध्ये काही नसायचं
ते शिशाचं असायचं.
ओळीच्या शेवटी उरायचं तेही शिशाचं.
कवितेचं पुस्तक लागलं की बापूंची कंबर धरायची,
अक्षरं थोडी, पण फर्मा उचलायला दोघं लागायचे.
कागदावर न उमटणारं तेवढं सगळं
ते मोजून, बोटांनी, एकेक भरत बसायचे.

मी रिकाम्या जागेचा ठोकळा घेतला.
खालची कड धरून ओढली.
शंभर. दोनशे. आणखी थोडी.

"एवढी कशाला? मोबाइलवर लोकांना
व्याजदरापर्यंत किती खाली जावं लागंल."

जाऊ देत, म्हटलं.