एक जानेवारी

आद्रेच्या तंबूत, टेबलापलीकडून
जिब्रीन विचारतो, जन्मतारीख?
काल्तूमा सांगते :
टोळ आले त्या साली,
ज्वारी निसवत होती, आई म्हणायची,
आणि विहिरीचा दोर तुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

रकान्यात एवढं मावत नाही.
तो लिहितो : एक जानेवारी.
पुढच्या म्हातारीचीही एक जानेवारी.
मागच्या मुक्या पोराचीही.

मग बोटं. यंत्राला रेषा सापडत नाहीत,
विटा थापून थापून झिजल्यात.
तो तेलाची बाटली सरकवतो.
पुन्हा अंगठा. हं, आता डावा.

घरात माणसं किती?
सहा, ती म्हणते.
रांगेत उभी तिघं.
तो मान वर करत नाही,
खालच्या खणातून दुसरा कागद काढतो,
हरवलेल्यांचा. निळा शिक्का त्याच्यावरही बसतो.

ताडपत्री एक, घोंगड्या दोन, साबण,
महिन्याची ज्वारी, या खेपेला वीसच दिवसांची,
दूरच्या कुठल्याशा देशाने हात आखडलाय,
हे तोच सांगतो, चोरी आपण केल्यासारखा.

कार्ड उन्हात धरून ती विचारते,
आणि तुझी रे, जन्मतारीख?

जिब्रीन पेनाचं टोपण लावतो, काढतो.
तीच, म्हणतो. अशाच एका टेबलावरची.