शंभराला एक

तिसऱ्या गेटाजवळ माझं सायकलचं दुकान.
गेट पडलं की लोक थांबतात,
थांबले की चाकं दाबून बघतात,
मग हवा भरून घेतात.
असं माझं पोट रेल्वेवर.

रात्री शटर ओढलं की
जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर पेन्सिलीनं रेघ काढतो:
देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा,
तिनईघाट,
आणि कागद संपतो तिथं कॅसलरॉक.
मीटरगेजची वाट ही.
रूळ भंगारात गेले,
स्लीपर कुणाकुणाच्या गोठ्याचे उंबरे झाले,
पण भराव कुठं जातोय?
नव्या लाईनीच्या कडेनं तो अजून पडून आहे म्हणे,
मध्येच तुटलेला, घाणेरीनं झाकलेला,
सायकल जाईल एवढा रुंद.

माझा डावा गुडघा उजव्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा.
त्याला चढ सोसत नाही.
रेल्वेला तरी कुठं सोसतो?
इंजिनाला धाप लागू नये म्हणून
कुणीतरी अख्खा डोंगर
सुतळीच्या गुंड्यासारखा उलगडत नेला:
शंभर पावलं पुढं, तेव्हा एक पाऊल वर.
त्याची पाटी असते रुळाकडेला, ढोपराएवढी.
एवढं माझा गुडघाही ऐकून घेईल.

हे मी एकट्या बसलिंगला सांगितलं, गेटवरच्या.
तो हसला नाही.
झेंडी गुंडाळत म्हणाला, ‘निधान होग्री, मामा.’
त्याच्या भाषेत निधान म्हणजे सावकाश.
माझ्या भाषेत निधान म्हणजे पुरलेलं धन.
एकवीस वर्षं एका किटलीतला चहा पितोय आम्ही,
हा शब्द दुरुस्त करायचं
दोघांच्याही मनात आलेलं नाही.

स्वप्नात सायकल हिरवी असते.
दुकानातही ती हिरवीच आहे, मागच्या भिंतीला टेकून.
एक पोरगा फ्रीव्हील बदलायला टाकून गेला,
अकरा वर्षं झाली, आला नाही.
पहाटे निघतो. देसूरपर्यंत धुकं.
इदलहोंडात कुत्रं मागं लागतं आणि कंटाळून परत जातं.
खानापुरात कौलांच्या भट्टीचा ओल्या मातीचा वास,
मलप्रभेवर पूल, स्वप्नात असतो तसा, कठड्याशिवाय,
आणि बरोबर मध्यावर
तो पोरगा उभा, मिशा फुटलेला:
‘मामा, झाली काय सायकल?’
दर वेळी मी तिथंच जागा होतो.
गुंजी अजून बघितलेलं नाही.

परवा शेवंतानं रद्दी काढली.
कागद उलटा धरून म्हणाली, कुणाकुणाची उधारी ही?
मग सुलटा केला.
तिच्या माहेराच्या नावावर बोट थांबलं.
‘हितं वळण डावं काढलाईस. उजवं हाय ते.’
तिचा बाप गँगमन.
परकरातली ही, त्याचा डबा घेऊन
स्लीपर मोजत मोजत जायची,
आकडे संपले की पहिल्यापासून.
‘आणि झरा कसला? झरा न्हाई तिथं.
मोरी हाय. मोरीत बसून आम्ही चिंचा खायचो,
वरनं गाडी गेली की दात वाजायचे.’
पेन्सिल माझ्या हातातनं घेऊन
तिनं रेघ खोडली, नवी काढली,
एका जांभळीला जागा दिली,
गवे उतरतात तिथं फुली मारली,
आणि भाकऱ्या थापायला आत गेली.
आतनं म्हणाली,
‘कॅरियर लावून घे त्या हिरवीला.
दांडीवर बसायचं वय न्हाई माझं.’

आज गेट पडलं.
मालगाडी होती, लांबलचक, कोळशाची.
मी हिरवीला कॅरियर लावायला घेतलं.
तीन नट बसले.
चौथ्याचा आटा जुना, आता मिळत नाही तसला.
डबा पालथा केला, गुडघे टेकून शोधत बसलो.
मागं केव्हा गेट उघडलं, कळलं नाही.
कुणीतरी विचारत होतं,
हवा आहे काय.