अक्रोडाचा डाग

पोलिसानं विचारलं, रात्री काही ऐकलंत?
नाही म्हटलं. रेडिओ लावला होता.
खोटं नाही ते. अकरा हिवाळे
भिंतीपलीकडे त्सियालाचा नवरा घरात शिरला
की मी आवाज जरासा वाढवायची.

तिबिलिसीतल्या आमच्या अंगणाला
नळ एक, जिना एक, कपड्यांची दोरी एक.
दोरीवर तिची पांढरी चादर,
तीनदा धुतलेली,
मधोमध तपकिरी.
“अक्रोड सोलले, साहेब. आम्ही दोघींनी.
त्याचा डाग जातोय होय?”

त्यानं आमचे हात बघितले नाहीत.
उद्या बघेल.

अंधार पडल्यावर टोपलीभर हिरवे अक्रोड घेऊन
मी तिचं दार वाजवलं. पहिल्यांदाच.
बोललो काहीच नाही.
सोलत बसलो,
मनगटापर्यंत काळ्या होईतो.