शेऱ्याचा रकाना

अंबुवुम्बेच्या धुळीतून चार तास
चालत आली वोलासोआ,
पाठीवर धाकटा, पोटाशी कार्ड.
नवऱ्याला सापडू नये म्हणून
ते मिठाच्या डब्यात ठेवते.
कडा पांढऱ्या पडल्यात.

मी फ्रिज उघडून दाखवला.
आत माझी पाण्याची बाटली
आणि कुणाची तरी
निवडुंगाची दोन बोंडं.

जिथं बर्फ पडतो अशा गावात
एका माणसानं सही केली नाही,
हे हिला कोणत्या तोंडानं सांगू?
म्हटलं, पुढच्या महिन्यात ये,
येईल इंजेक्शन.

ती हसली. हनुवटीनं
पोटुश्यांचा बाक दाखवला :
'पुढच्या महिन्यात, सिस्टर, तिकडे.'

रजिस्टरात सवयीनं लिहिलं :
आली नाही.
खोडलं.
आली होती.