अभिप्राय : निरंक

दिल्लीहून निघालेलं पत्र
मुंबईत एक दिवस बसलं, ओरोसला तीन,
आणि वेंगुर्ल्याला पोचलं तेव्हा
त्याच्या पाठीवर चार आवक शिक्के
आणि उत्तराची मुदत : काल.

'महासाथपूर्व सज्जता. आंतरराष्ट्रीय करार.
मसुद्यातील कलमांवर क्षेत्रीय अभिप्राय
तातडीने, दोन प्रतींत.'
आरोलकर म्हणाले, निरंक लिहा मॅडम, सही ठोका,
आपण काय जिनेव्हाला जाणार आहोत?

निरंक हा आमच्या हातातला शब्द.
पटकी : निरंक. घटसर्प : निरंक.
कधी रोग खरोखर नसतो,
कधी तपासायचं किट नसतं,
रकान्याला दोन्ही सारखंच दिसतं.

पण मसुदा सोबत जोडलेला, मी उलटून पाहिला.
पानोपानी चौकटी कंस.
एकमत नाही ते कंसात, असं तळटिपेत.
नमुना देणाऱ्या देशास [न्याय्य] [शक्य असल्यास]
[परस्परसंमत] वाटा.
म्हणजे तिकडे रात्री दोनला
गार झालेल्या कॉफीपुढे आपलं कुणीतरी बसलंय,
'न्याय्य'ला कंसातून बाहेर ओढतंय
आणि समोरचा शांतपणे
'शक्य असल्यास' आत सरकवतोय.

मला द्वारका तुळसकर आठवली.
काजूची बोंडं वेचताना तिला ताप भरला.
मांडीला गोचीड. वरच्या भरडावर दोन माकडं मरून पडलेली,
तिनं पाहिली होती, बोलली नाही,
मजुरी बुडेल म्हणून.
मी तिचं रक्त काढलं, पाच मिली,
ते बर्फाच्या डब्यातून पुण्याला गेलं
रातराणी एसटीत, ड्रायव्हरच्या पायाशी.

आठव्या दिवशी उठून बसली आणि पहिलं हेच :
"बाय, माजा रगात खंय गेला?"
पुण्याक, म्हटलं.
"आणि थंयसून?"

थंयसूनचा रकाना
आमच्या कुठल्याच फॉर्मात नाही.

अभिप्रायाला जागा दीड ओळ.
कलम म्हटलं की आमच्याकडे आधी आंबा येतो डोळ्यांपुढे.
खाली रायवळाचा खुंट, कोयीतून आलेला,
वर हापूसची काडी, घट्ट बांधलेली.
फळ धरलं की सगळे काडीचं नाव घेतात,
पेटीवर काडी, विमानात काडी.
खुंट आपला मातीत.
वाळवी येते तेव्हा मात्र पहिली त्याच्याकडे.

लिहिलं : 'खुंटाचा वाटा कंसाबाहेर घ्यावा.'
खोडलं. सरकारी भाषेत खुंट चालत नाही.
लिहिलं : 'ज्या तालुक्यातून नमुना गेला
त्या तालुक्यात लस पहिल्या बोटीने यावी.'
आमच्या बंदरात बोट लागायची बंद झाली
त्याला किती वर्षं झाली. तेही खोडलं.
उरलं ते एवढंच :
'नमुना देणाऱ्यास, तो पुढे कुठे गेला, हे कळवावे.'

आरोलकरांनी वाचून चष्मा काढला.
हे ओरोसच्या पुढे सरकायचं नाही, म्हणाले.
जावक क्रमांक मात्र त्यांनी स्वतः घातला,
आणि दोन्ही प्रतींवर, ठळक.

त्यानंतर काही आलं नाही.
बोलणी पुढच्या फेरीवर गेली, एवढं पेपरात होतं,
आतल्या पानावर, भरतीओहोटीच्या वेळांशेजारी.

द्वारका आता बाजारात ओले काजूगर घेऊन बसते.
मला लांबून ओळखते.
"कागद इलो?"
तिच्या लेखी सरकार म्हणजे मी,
आणि मीही त्या तिकडच्या माणसासारखीच
चष्मा पुसत वेळ काढते :
येतलो गो, पुढच्या फेरीक.
बरां, म्हणते ती,
आणि शेकड्याचा भाव सांगते.
मी घासाघीस करून पाहते.
ती गर मोजत राहते,
एक रुपया सोडत नाही.