प्रयोग

सायमा सरोवर गोठलं की
तुरुंगाची एक भिंत कमी होते.
पाण्याच्या बाजूला कुंपण नाही.
तिथून कुणी निघालं तर बर्फावर पावलं उमटतील,
म्हणून कुणी निघत नाही.
हे मला पहारेकरी हेल्मीने पहिल्याच दिवशी सांगितलं,
माझ्या पिशवीतलं नेलकटर काढून घेताना.

मी वाक्यं मोजायला आले होते.
एकोणनव्वद माणसं, प्रत्येकी चार मुलाखती,
आणि निरनिराळ्या वाटांनी विचारलेला एकच प्रश्न :
त्या रात्री काय झालं?
'झालं' म्हणाला तर एक.
'माझ्याकडून झालं' म्हणाला तर दोन.
'मी केलं' म्हणाला तर तीन.
आमच्या भाषेत काचेचा पेलासुद्धा
माणसाकडून फुटतो, माणूस तो फोडत नाही.
आई ओरडायची तेव्हा आम्ही भावंडं
पंचमी विभक्तीच्या आड लपायचो.

काउको. वय त्रेपन्न. कोठडीला 'खोली' म्हणतो.
उन्हाळ्यातली लाकडी झोपडी, सौना,
दोन दिवसांची दारू,
आणि ऐमो,
ज्याच्यासोबत तो शाळेत एका बाकावर बसला.
'मध्ये सुरी आली,' म्हणाला,
न बोलावता पाहुणी यावी तशी.
मी लिहिलं : एक.
ऑक्टोबरात म्हणाला, 'हातात होती. सुटली.'
मी दीड लिहिलं, मग खोडलं.
तक्त्यात दीड नाही.

जानेवारीत भटारखान्यातून जळका वास आला.
रायच्या पिठाचे बावीस पाव, बुडाशी कोळसा.
कुणाचं काम, हेल्मीने विचारलं.
चौघंजण भट्टीकडे बघत राहिले,
जणू आता तीच बोलणार.
काउको हात पुसत म्हणाला,
'मी जाळले.
वास येत होता. मी पत्त्यांचा डाव सोडला नाही.'

मी दारात उभी. पेन्सिल वहीवर टेकलेली.
ही मुलाखत नव्हती. पावांसाठी आकडा नव्हता.
पण घरी जाताना, गाडीत एकटी असताना,
ते वाक्य मी तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं :
वास येत होता.

आमचे प्राध्यापक म्हणाले, भुलू नकोस.
कबुली म्हणजे बदल नव्हे.
सगळ्यात सुरेख 'तीन' म्हणणारा सहा महिन्यांत परत आत येतो,
आणि जन्मभर 'एक' म्हणत राहिलेला
कुठल्याशा धक्क्यावर बोटींना डांबर फासत
गुपचूप म्हातारा होतो.
खरं होतं ते. माझ्याच रकान्यांत दोघेही होते,
खाली-वर, शेजारी.

चौथी मुलाखत मार्चमधली.
सरोवर रात्रभर कण्हत होतं, बर्फ तडकताना कण्हतं तसं.
त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले,
शाळेत नखं तपासायला ठेवतात तसे.
मग जे म्हणाला
त्यात कर्ता होता, कर्म होतं, ऐमोचं नाव होतं,
आणि अगदी शेवटी :
'तो थांब म्हणाला होता.
मला ऐकू आलं होतं.'

शोधनिबंधात काउको अजून दोनच आहे.
परिशिष्टात तळटीप आहे, बारीक अक्षरात :
ध्वनिमुद्रण अपूर्ण, यंत्र बंद पडलं.

बंद पडलं.

आज ती तळटीप पुन्हा उघडून बसले आहे.
बाहेर बर्फ कडांनी सुटायला लागलाय.
त्याच्यावर कुणाची तरी पावलं, किनाऱ्यापासून आत गेलेली.
कोल्ह्याची असावीत.

यंत्र मी बंद केलं.
त्याचे हात थरथरू लागले तेव्हा,
एका बोटाने, हळूच,
त्याला दिसणार नाही असं.

त्याला दिसलं होतं,
असं आता वाटतं.