दोन पेपर

डिचोलीत उल्हासच्या सलूनमध्ये
दोन पेपर येतात.
एकात नदी लाल आहे.
दुसऱ्यात नदी नाही,
खाणीवरचे रोजगार आहेत.

घरी मी दुसरा घेतो, बारा वर्षं.
माझे दोन ट्रक होते खाणीवर,
हे आधीच सांगितलेलं बरं.
पहिला वाचतो इथे, फुकट,
गालांना साबण लागला की;
तेव्हा कुणी मत विचारत नाही.

आज शाबलो दोन्हीकडे वारला,
सातव्या पानावर, तळाशी.
एकात एकसष्ट वर्षांचा,
दुसऱ्यात अडुसष्ट.
"आता ह्यातला खरा कुठला?"
उल्हास वस्तरा पुसतो.

फोन दोघांनाही मीच केला होता.
वीस वर्षं माझ्या ट्रकवर क्लीनर.
'साठीच्या पुढचा असेल,'
एवढंच म्हटलं होतं.